हशा पिकण्यापूर्वी

टिम बर्टनच्या 'एड वुड' (१९९४) या चित्रपटात शेवटाकडे एक प्रसंग आहे. चित्रीकरण चालू असताना एक दिग्दर्शक आपल्या निर्मात्यांशी भांडून सेटवरून तडक बाहेर पडतो आणि हॉलिवुडातल्या 'मुसो अँड फ्रँक' या जुन्या उपाहारगृहात शिरतो. अंगावरचा स्त्रीवेश तसाच आहे. आत एका अंधाऱ्या कोपऱ्यात ऑर्सन वेल्स एकटाच बसलेला दिसतो. दिग्दर्शक अदबीने जवळ जातो, आपली ओळख देतो, आणि पुढची दोन-तीन मिनिटे जगातला सर्वोत्तम चित्रपट ज्याच्या नावावर मोडतो तो माणूस आणि जगातला सर्वांत वाईट चित्रपट ज्याच्या नावावर मोडतो तो माणूस समव्यवसायींसारखे बोलत बसतात. दोघांच्या तक्रारी त्याच. पैसे देणारे ऐनवेळी माघार घेतात, चित्रपटाची कापाकापी करतात, नको ते नट गळ्यात मारतात. 'डॉन किहोते'चे भांडवल पुन्हा बुडाल्याचे वेल्स सांगतो. युनिव्हर्सलवाले एका रहस्यपटात चार्लटन हेस्टनला मेक्सिकन म्हणून उभा करणार आहेत, असेही वैतागून सांगतो. आपल्याला जे दिसले आहे त्यासाठी भांडावे लागले तर भांडावे, अशा अर्थाचा धीर तो वुडला देतो. वुड धावत सेटवर परततो आणि 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' पुरा करतो.

ही भेट पटकथाकार स्कॉट अलेक्झांडर आणि लॅरी कारझेव्स्की यांची रचना आहे. हेस्टनविषयीची तक्रार तर सत्याच्या नेमकी उलट. तो रहस्यपट म्हणजे 'टच ऑफ इव्हिल' (१९५८). त्यात वेल्सला घेतले होते ते नट म्हणून. दिग्दर्शनही त्याच्याकडेच द्यावे हे सुचवले हेस्टनने. ज्याच्या आग्रहामुळे वेल्सला बऱ्याच वर्षांनी हॉलिवुडात काम मिळाले त्याच्याच नावाने चित्रपटातला वेल्स कुरकुरतो आहे.

आम्ही बराच काळ हा प्रसंग म्हणजे एका चांगल्या चित्रपटातला सवंग क्षण समजत आलो. 'सिटिझन केन' (१९४१) करणाऱ्याला 'प्लॅन नाइन' करणाऱ्याच्या शेजारी बसवायचे, दोघेही 'झपाटलेले' म्हणून दोघांच्या खांद्यावर सारखाच हात टाकायचा, ही भाबडी लोकशाही आम्हास पटत नसे. तळमळ हाच गुण ठरला तर आपण वर्गात शिकवतो ते कशासाठी, असे वाटे. आता मत बदलले आहे, आणि ते का बदलले हे सांगण्यासाठीच हा लेख.

पण आधी एड वुड कोण हे थोडक्यात सांगणे भाग आहे. एडवर्ड डी. वुड धाकटा, जन्म १९२४, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीचा. दुसऱ्या महायुद्धात नौसैनिक दलात होता. १९५३ मध्ये त्याचा 'ग्लेन ऑर ग्लेंडा' आला. निर्माता जॉर्ज वाइस याला क्रिस्टीन जॉर्गेन्सनच्या लिंगबदलाच्या ताज्या बातमीवर चार पैसे करायचे होते. वुडने त्याला स्त्रीवेशाची ओढ असलेल्या पुरुषाविषयीची कैफियत करून दिली आणि त्यात टोपणनावाने स्वतः काम केले, कारण ती ओढ त्याचीच होती. पुढे 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर' (१९५५) आणि १९५६ मध्ये चित्रित झालेला 'प्लॅन नाइन'. नंतर उतरण. १९७८ च्या डिसेंबरात, वयाच्या ५४ व्या वर्षी तो गेला. १९८० मध्ये हॅरी आणि मायकेल मेडव्हेड या भावांनी 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' नावाचे पुस्तक काढून त्याला आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवले, आणि तिथून त्याची कीर्ती सुरू झाली. मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी होऊ लागली. लोक संवाद पाठ म्हणू लागले. 'कल्ट' हा शब्द आपल्याकडेही हल्ली जरा चमत्कारिक प्रत्येक चित्रपटाला लावतात. पण मूळ शब्दातला पंथ, उपासना हा अर्थ वुडच्या बाबतीत अक्षरशः लागू पडतो. फरक इतकाच की ही उपासना हसत हसत चालते.

बर्टनचा चित्रपट या कीर्तीच्या आधारावर उभा आहे. त्या पुरस्काराशिवाय हा चित्रपट काढायला कोणी पैसे दिले नसते. आणि तरीही तो त्या हशात सामील होत नाही. हे तो कसे साधतो, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो प्रत्येक चुकीचे कारण दाखवतो. 'प्लॅन नाइन' पाहणारा प्रेक्षक हसतो ते एकाच दृश्यात दिवसाची रात्र होते म्हणून, थडगी हलतात म्हणून, विमानाच्या चालककक्षाला न्हाणीघरातला पडदा लावला आहे म्हणून. पडद्यावर या चुका आकाशातून पडल्यासारख्या दिसतात. बर्टन आपल्याला पडद्याच्या मागे नेतो. पैसे बाप्टिस्ट चर्चवाल्यांचे आहेत, त्यासाठी नटमंडळींनी बाप्तिस्मा घेतला आहे. दुसरा टेक घेण्याइतकी फिल्म नाही, आणि असती तरी वुडला पहिलाच टेक उत्तम वाटतो. टॉर जॉन्सन हा अगडबंब स्वीडिश पैलवान दारातून जाताना चौकटीला धडकतो, अख्खी भिंत हलते. छायालेखक विचारतो, पुन्हा घ्यायचे का? वुडच्या मते काहीच बिघडलेले नाही; एवढ्या देहाच्या माणसाला रोजच दारांशी झुंजावे लागत असणार! आम्हास हे उत्तर नेहमी विचारात पाडते. हे चूक झाकणारे उत्तर नाही. हा वाचक आहे, आणि तोही फार उदार वाचक. आपल्या संहितेत जे आले ते सारे अर्थपूर्णच आहे असे धरून चालणारा. आपल्या विषयातल्या काही थोर टीकाकारांची पद्धत याहून फार निराळी नाही. ते ती दुसऱ्यांच्या, आणि निवडक संहितांना लावतात, इतकेच.

वुडचे दुर्दैव असे की हे औदार्य आणि डोळस नजर यांची त्याच्यात गल्लत झाली होती. वेल्सशी तुलना इथे उपयोगी पडते. 'टच ऑफ इव्हिल'ची स्टुडिओने परस्पर जुळणी बदलली तेव्हा वेल्सने तो पाहून ५८ पानांचे टिपण लिहिले: कुठला ध्वनी कुठे हवा, कुठले दृश्य कुठे तोडावे. १९९८ मध्ये त्याच टिपणाच्या आधारे चित्रपटाची नवी जुळणी झाली. आपले काम परक्याच्या नजरेने पाहण्याची ही ताकद वुडपाशी नव्हती. 'भिंत हलली' एवढे वाक्यसुद्धा तो स्वतःशी म्हणू शकला नसता. या दोघांतले अंतर बर्टनला ठाऊक नाही असे मानणे चूक आहे. ते अंतर त्याच्या कॅमेऱ्यातच आहे. स्टीफन झाप्स्कीच्या कृष्णधवल छायालेखनात छाया जिथे हवी तिथेच पडते, आणि वुडच्या फसलेल्या दृश्यांची नक्कल या चित्रपटात इतक्या काटेकोरपणे केली आहे की वाईटाची नक्कल करायलाही केवढे कसब लागते हे पाहून थक्क व्हावे. एक कोटी ऐंशी लाख डॉलर खर्चून केलेले हे दारिद्र्य आहे. वुडने त्या रकमेच्या नखाएवढ्या पैशांत खरे दारिद्र्य चित्रित केले होते.

(हा कृष्णधवलपणाही फुकट मिळालेला नाही. त्याच आग्रहामुळे कोलंबियाने चित्रपट सोडला आणि तो डिस्नेच्या टचस्टोनकडे गेला. अमेरिकेत त्याने कमावले साधारण ५९ लाख डॉलर. अपयशी माणसावरचा चित्रपट असा रीतसर पडला.)

दुसरी गोष्ट बेला लुगोसीची. आमच्या मते चित्रपटाचे हृदय इथे आहे, वेल्सच्या प्रसंगात नव्हे. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'मुळे जगप्रसिद्ध झालेला हा हंगेरियन नट वुडला भेटतो तेव्हा वृद्ध, विस्मृत आणि मॉर्फिनच्या आहारी गेलेला असतो. मार्टिन लँडोला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, आणि रिक बेकर व त्याच्या सहकाऱ्यांना रंगभूषेसाठी. बर्टनने स्वतः सांगितले आहे की वुड आणि लुगोसी यांच्या नात्यात त्याला आपले आणि व्हिन्सेंट प्राइसचे नाते दिसले. प्राइसने त्याच्या 'एडवर्ड सिझरहँड्स'मध्ये काम केले होते आणि १९९३ मध्ये तो वारला.

'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर'च्या चित्रीकरणात एक रबरी ऑक्टोपस आहे. त्याला हलवणारे यंत्र आणायचे राहून गेले आहे. रात्रीची थंडी, गार पाणी, आणि वयाची सत्तरी उलटलेला लुगोसी त्या निर्जीव रबराचे हातपाय स्वतःच हलवीत, ऑक्टोपसने आपल्याला धरले आहे असा आरडाओरडा करीत लोळतो. हे दृश्य हास्यास्पद आहे आणि आम्ही हसलो आहोत. पण याच चित्रपटात लुगोसीच्या तोंडी वुडने लिहिलेले एक स्वगतवजा भाषण आहे. मायदेशातून हाकलला गेलेला शास्त्रज्ञ परत चला म्हणणाऱ्याला सांगतो की आता मला घर उरलेले नाही. भाषणाचा शेवट अर्थातच अणुमानवांची नवी जमात निर्माण करण्याच्या अचाट प्रतिज्ञेत होतो. तरीही लुगोसी ते बोलतो तेव्हा हशा घशात अडकतो. लुगोसीने १९१९ मध्ये, बेला कुनची राजवट कोसळल्यावर, हंगेरी सोडली ती नटांची संघटना बांधण्यात पुढाकार घेतला म्हणून. तो पुन्हा तिथे राहायला गेला नाही. ज्या गावावरून त्याने आपले आडनाव घेतले ते लुगोसदेखील पहिल्या महायुद्धानंतर रुमानियात गेले. वुडने हे सारे जाणून लिहिले की अजाणता, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. त्याने एका वृद्ध नटाला त्याच्या मापाचे शब्द दिले. तेव्हाच्या हॉलिवुडात ते दुसऱ्या कोणी दिले नव्हते.

आता 'सर्वांत वाईट' या पदवीविषयी. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही पदवी मुळातच संशयास्पद वाटायला हवी. खरोखर वाईट लेखन कंटाळवाणे असते. त्याची कोणी पारायणे करीत नाही आणि म्हणून ते कुठल्याही यादीत येत नाही. दर वर्षी तंत्रशुद्ध, निर्जीव चित्रपट शेकड्यांनी निघतात. मेडव्हेड बंधूंच्या वाचकांनी मते दिली ती वाईटपणाला नव्हे, लक्षात राहण्याला दिली. वुडचे चित्रपट लक्षात राहतात, कारण त्यांत माणूस दिसतो: त्याची अंगोरा लोकरीची आवड, लुगोसीवरची भक्ती, अणुयुद्धाची भीती. संहितेत लेखक इतका उघडा पडणे ही कलेच्या दृष्टीने उणीव आहे, हे मान्य. पण ती निर्जीवतेच्या उलट टोकाची उणीव आहे.

आणि हा हशा कसला आहे? मराठीत हसण्याची एक जुनी, मानाची परंपरा आहे. अत्र्यांनी 'झेंडूची फुले' (१९२५) लिहिली तेव्हा ते रविकिरण मंडळाच्या काळातल्या कवींना हसले, पण त्यासाठी त्यांना स्वतः वृत्तात, नेमक्या त्या लकबींत कविता लिहावी लागली. विडंबनकाराला हशाची किंमत मोजावी लागते. मध्यरात्रीच्या खेळाला जमलेला प्रेक्षक मोजतो ती फक्त तिकिटाची किंमत. आम्ही हे वरच्या पायरीवर उभे राहून लिहीत नाही. प्राध्यापकांच्या खोलीत उत्तरपत्रिकांतली 'रत्ने' मोठ्याने वाचून आम्हीही हसलो आहोत. अभिप्रायासाठी आलेल्या, कवीने पदरमोड करून छापलेल्या संग्रहांतल्या ओळी आम्हीही मित्रमंडळींत म्हणून दाखवल्या आहेत. एकदा अशाच एका संग्रहाच्या कवीने काही महिन्यांनी भेटून, फार संकोचाने, आपण तो चाळलात का असे विचारले. चाळला होता. अर्ध्या ओळी पाठ होत्या. पण त्यांतल्या एकीविषयीही, 'इथे असे झाले, म्हणून ही ओळ लंगडी पडली' असे सांगता येईल इतक्या लक्षाने आम्ही वाचले नव्हते. आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. बर्टनच्या चित्रपटातली ती हलणारी भिंत आम्हास आठवते ती त्या संध्याकाळीसकट.

आता खोटेपणाचा प्रश्न, कारण तो टाळून या चित्रपटाची तरफदारी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. भेटीचा प्रसंग कल्पित आहे हे तर झालेच. लुगोसी एकाकी मेल्यासारखा दाखवला आहे. प्रत्यक्षात त्याने १९५५ मध्ये पाचवे लग्न केले होते आणि पत्नी हयात होती. त्याच्या तोंडी घातलेल्या शिवीगाळीवर त्याच्या मुलाने हरकत घेतली. 'प्लॅन नाइन'चा पहिला खेळ चित्रपटात पँटेजेससारख्या भव्य नाट्यगृहात खच्चून भरलेल्या प्रेक्षकांसमोर होतो. तसा सोहळा वुडच्या वाट्याला कधी आला नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चित्रपट तिथेच थांबतो. बाहेर पाऊस आहे, उघड्या मोटारीचे छप्पर लागत नाही, आणि वुड आपल्या कॅथीला घेऊन लग्नासाठी लास व्हेगासला निघतो. त्यानंतरची दोन दशके, म्हणजे दारू, पोटासाठी लिहिलेल्या अश्लील कादंबऱ्या, भाडे थकल्यामुळे घरातून बाहेर काढले जाणे आणि त्यानंतर काही दिवसांतच मित्राच्या घरी आलेला मृत्यू, यांतले बहुतेक काही पडद्यावर येत नाही. शेवटच्या पाटीवरची दोन वाक्ये तेवढी येतात.

कठोर वाचक म्हणेल की हा दुसऱ्या प्रकारचा अपमान झाला. हसणाऱ्यांनी वुडचे विदूषक केले, बर्टनने त्याची परीकथा केली. या आक्षेपात तथ्य आहे. दारूची ती वीस वर्षे दाखवणारा चित्रपट कोणी काढला तर आम्ही तो पाहू. पण परीकथेचा शेवट कुठे केला आहे तेही पाहावे. २०१७ मध्ये 'द डिझास्टर आर्टिस्ट' आला, टॉमी वायझोच्या 'द रूम' (२००३) या अशाच कुप्रसिद्ध चित्रपटावरचा. त्यात पहिल्या खेळाला प्रेक्षक हसू लागतात, दिग्दर्शक आधी मोडून पडतो, मग ते हसणे पत्करतो आणि आपण विनोदी चित्रपटच केला होता अशी कबुली देतो. हा सुखान्त प्रेक्षकाच्या सोयीचा आहे. हसणाऱ्याला त्यात क्षमा मिळते. बर्टनने ती दिली नाही. त्याच्या पँटेजेसमध्ये कोणी हसत नाही. हशा १९८० मध्ये येणार आहे, तोवर वुड गेलेला असेल, आणि तो हशा आपण घरून घेऊन आलो आहोत. आपण हसायला तयार होऊन बसलेलो असतो आणि समोर एक माणूस आपल्या कामाकडे निखळ आनंदाने पाहतो आहे.

वेल्सची भेट आम्ही आता याच बाजूने वाचतो. गुणवत्तेची बरोबरी तिथे मांडलेलीच नाही. वेल्स वुडचा एकही चित्रपट पाहत नाही, त्याविषयी चकार शब्द काढत नाही. तो फक्त कामाबद्दल विचारतो आणि त्याच्याशी काम करणाऱ्या माणसासारखे बोलतो. वुडच्या कामाचे मूल्यमापन टळत नाही, पण ते त्या मेजावर होत नाही. प्रत्यक्ष आयुष्यात वुडला असे कोणी भेटले असते तर त्याचे चित्रपट सुधारले असते का? नसते. पटकथाकारांनाही तसे वाटत नसावे. कारण त्या भेटीनंतर तो जो पुरा करतो तो 'प्लॅन नाइन'च आहे.

त्याच 'प्लॅन नाइन'मध्ये लुगोसीची काही थोडी दृश्ये आहेत. तो १९५६ च्या ऑगस्टमध्ये वारला, चित्रपटाची जुळवाजुळव होण्याआधी. उरलेल्या भागात त्याच्या जागी पाठीचे मणके बसवून देणारा एक उपचारक उभा आहे, लुगोसीहून उंच, ड्रॅक्युलाच्या काळ्या झग्याने अर्धा चेहरा झाकून. यावर प्रेक्षक सर्वांत जास्त हसतात. पण त्याआधी खुद्द लुगोसीचे एक मूक दृश्य येते. एका साध्या घरातून तो बाहेर येतो, फूल तोडतो, त्याचा वास घेतो आणि निघून जातो. ते कशासाठी चित्रित केले तेव्हा कथाही ठरलेली नव्हती. वुडने नंतर त्यावर निवेदन घालून तो पत्नी गमावलेला म्हातारा केला. बर्टनच्या चित्रपटात लुगोसीच्या मृत्यूनंतर वुड एकटाच बसून ही फिल्म पडद्यावर लावतो. संपली की पुन्हा लावतो.